निळे यंत्रमांजर आणि आमच्या घरातली चौथी भाषा

कर्नाटकातील शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुटतात आणि मे संपता संपता पुन्हा भरतात. महाराष्ट्रातील शाळांचे वेळापत्रक त्याहून उशिराचे असल्यामुळे बेळगावातील मुलांची सुट्टी कोल्हापूर-सांगलीकडील भावंडांच्या सुट्टीशी कधी नीट जुळत नाही. पाहुणी मुले घरी येतात तेव्हा इकडची मुले वह्यांना कव्हरे घालण्याच्या तयारीला लागलेली असतात. मधल्या एकाकी दुपारी कशा घालवायच्या, या प्रश्नाचे उत्तर माझ्या आठ वर्षांच्या नातवाने स्वतःच शोधले, आणि टिळकवाडीतील आमच्या घरात या वर्षी जवळजवळ सहा आठवडे रोज दुपारी ‘डोरेमॉन’ ही जपानी कार्टून मालिका चालू राहिली. मी मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. आरंभी मी ताटात तांदूळ निवडत बसून केवळ कान देत असे. मुलाच्या कानावर आणि डोळ्यांवर नेमके काय पडते आहे ते पाहावे, एवढाच हेतू होता. दुसऱ्या आठवड्यापासून तांदूळ सकाळीच निवडून होऊ लागले.

ज्यांच्या घरात लहान मूल नाही त्यांच्यासाठी कथेचा गाभा सांगणे आवश्यक आहे. नोबिता हा टोकियोतील एका साध्या वस्तीत राहणारा दहा वर्षांचा मुलगा अभ्यासात कच्चा, खेळात त्याहून कच्चा आणि स्वभावाने आळशी आहे. एके दिवशी त्याच्या अभ्यासाच्या टेबलाचा खण आतून उघडतो आणि बाविसाव्या शतकातून आलेला सेवाशी नावाचा मुलगा बाहेर पडून आपण तुझे खापरपणतू आहोत, असे सांगतो. (मराठीत या नात्याला इतका नेमका शब्द आहे, याचा मला उगाचच अभिमान वाटला.) नोबिताने मोठेपणी धंदा बुडवून एवढे कर्ज करून ठेवलेले असते की ते फेडता फेडता पुढच्या पिढ्या मेटाकुटीला आलेल्या असतात. तेव्हा पूर्वजालाच वेळीच सुधारावे, या विचाराने सेवाशी आपल्याकडील मांजराच्या रूपाचा यंत्रमानव त्याच्याजवळ ठेवून जातो. तोच डोरेमॉन. त्याच्या पोटावर एक पांढरा खिसा असतो, आणि त्या खिशातून भविष्यकाळातील वाटेल ते यंत्र बाहेर निघते. वाडवडिलांच्या कर्जाखाली पिचलेली घरे आपल्याकडे काही कमी नाहीत. परंतु वारसाने कर्ज करणाऱ्या पूर्वजाकडेच शिकवणी पाठवावी, ही कल्पना मला पहिल्याच दिवशी फार आवडली.

या कथांचे कर्ते फुजिको एफ. फुजिओ या टोपणनावाने लिहिणारे आणि चित्रे काढणारे हिरोशी फुजिमोतो (१९३३–१९९६) होत. डिसेंबर १९६९ मध्ये शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या, निरनिराळ्या इयत्तांतील मुलांसाठी निघणाऱ्या सहा मासिकांतून ही चित्रकथा एकाच वेळी सुरू झाली. वयोगट वेगळा असल्याने प्रत्येक मासिकातील कथा वेगळी असे. मालिका पाहताना जी गोष्ट सतत जाणवते तिचे मूळ मला येथे दिसते: बालवाडीतील मुलाला कळेल इतकी सोपी मांडणी आणि चौथीतल्या मुलाला कंटाळा येणार नाही इतकी गुंतागुंत, या दोन्हींचा तोल लेखकाने पहिल्यापासून सांभाळलेला आहे. पुढे या कथांचे ४५ खंड निघाले. दूरचित्रवाणीवर १९७३ मध्ये एक अल्पजीवी प्रयत्न झाला, १९७९ मध्ये सुरू झालेली मालिका मात्र २००५ पर्यंत टिकली, आणि त्याच वर्षी नव्या आवाजांनी व नव्या चित्रशैलीने ती पुन्हा सुरू करण्यात आली. भारतात दोन्ही आवृत्त्यांतील कथा हिंदीतून दाखवल्या गेल्या आहेत.

लेखकाने या यंत्रमानवाला सर्वशक्तिमान केलेले नाही, ही त्याची पहिली हुशारी. डोरेमॉन हा कारखान्यातून बिघडून निघालेला नग आहे. मुळात तो पिवळा होता आणि त्याला कानही होते. ते उंदराने कुरतडले, आणि त्या दुःखात त्याचा रंग निळा झाला. तेव्हापासून हे मांजर उंदराला भिते. त्याची उंची १२९.३ सेंटिमीटर आणि वजन १२९.३ किलो आहे, उंदीर दिसल्यावर तो ताशी १२९.३ किलोमीटर वेगाने पळतो, आणि त्याचा जन्मदिवस ३ सप्टेंबर २११२ हा आहे, म्हणजे तेथेही तेच आकडे ओळीने येतात. ही माहिती मिळाल्यावर नातवाने स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून स्वतःची उंची मोजून घेतली. ती १२७ सेंटिमीटर भरली. आपण डोरेमॉनपेक्षा जेमतेम दोन बोटे कमी आहोत, हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले ते पाहून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली: मुलांसाठी काढलेल्या चित्रांतील नायक मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर असतो तेव्हाच तो त्यांचा होतो. डोरेमॉन आकाशातून खाली उतरून कोणाचे रक्षण करत नाही. तो जेवणाच्या टेबलाशी बसतो, नोबिताच्या आईची बोलणी खातो आणि रात्री भिंतीतल्या कपाटात झोपतो. आमच्या जुन्या घरात माजघराच्या भिंतीत एक मोठे फडताळ आहे. त्याच्या खालच्या कप्प्यातील पितळेची भांडी एका दुपारी मला न्हाणीघराजवळ मांडून ठेवलेली आढळली आणि कप्प्यात उशी व चादर दिसली. भांडी तीन दिवसांनी परत जागेवर गेली, कारण आत डास होते.

प्रत्येक कथा साधारण दहा-अकरा मिनिटांची असते आणि तिचा साचा ठरलेला असतो. नोबितावर काही तरी संकट येते, तो रडत घरी येऊन डोरेमॉनला साकडे घालतो, डोरेमॉन आढेवेढे घेत एक यंत्र काढून देतो, त्या यंत्राने काम फत्ते होते, मग नोबिताला मोह आवरत नाही आणि त्या मोहापायी तो पूर्वीपेक्षाही मोठ्या खड्ड्यात पडतो. आपल्याकडील सोंगी भारुडाचा किंवा वगाचा प्रेक्षक जसा पुढचे वळण ठाऊक असूनही खिळून राहतो, तसेच येथे होते. विनोद शेवट लपवण्यात नाही; तो शेवट कोणत्या रूपाने येणार, यात आहे.

याची परीक्षा आम्हाला एका वळवाच्या पावसात घेता आली. त्या दिवशी जी कथा लागली होती तिच्यात डोरेमॉन एक औषध काढतो. त्याचा थेंब ज्या खाऊवर पडेल तो दर पाच मिनिटांनी दुप्पट होतो. नोबिता आपल्या एका मिठाईवर थेंब टाकतो, एकाच्या दोन होतात, दोनाच्या चार होतात, आणि नेमकी तेवढ्यात वीज गेली. अंधारात बसून आम्ही पाटी काढली आणि हिशेब मांडला. मिठाईच्या जागी नातवाने बेळगावच्या कुंद्याचा एक डबा धरला. तासाभरात बारा वेळा दुप्पट, म्हणजे ४,०९६ डबे. दोन तासांत चोवीस वेळा, म्हणजे १,६७,७७,२१६. आकडा पाटीवर मावेना तेव्हा तो पहिल्यांदा गंभीर झाला आणि म्हणाला, ‘‘आज्जी, मग कुंदा सगळ्या गल्लीत भरेल की गं!’’ बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांची गोष्ट मी शाळेत वर्षानुवर्षे सांगितली आहे. दुपटीचा धाक मुलाच्या इतका अंगावर आलेला मी तेव्हा फारसा पाहिला नव्हता. शेवटाबद्दल आमचा अंदाज असा होता की नोबिताचा दांडगा सोबती जियान येऊन बकासुरासारखे सर्व खाऊन टाकील. चार दिवसांनी तीच कथा पुन्हा लागली. नोबिता पोट फुटेपर्यंत खातो, इतरांनाही खायला घालतो, परंतु शेवटची एक मिठाई कंटाळून कचऱ्याच्या डब्यात टाकतो आणि सगळा घोटाळा तेथून पुन्हा उसळतो. अखेरीस डोरेमॉन तो ढीग गाठोड्यात बांधून अग्निबाणाने अवकाशात सोडून देतो. म्हणजे खड्डा आम्ही ओळखला होता. पण एका मिठाईच्या आळसातून तो निर्माण व्हावा, हे आम्हाला सुचले नव्हते, आणि नोबिताच्या स्वभावाला तेच शोभणारे होते. नातवाला त्या रात्री वेगळीच चिंता लागून राहिली. अवकाशात गेल्यावरही मिठाई दुप्पट होणे थांबले असेल कशावरून? हा प्रश्न कथेने मुद्दामच अनुत्तरित ठेवला आहे, असे माझे मत आहे.

शिक्षिका म्हणून मला सर्वांत भावलेले यंत्र पाठांतराच्या पावाचे. पुस्तकाच्या पानावर पावाचा तुकडा दाबायचा, त्यावर उमटलेला मजकूर खायचा, की तो पाठ झालाच. परीक्षेच्या आदल्या दिवशी नोबिता पुस्तकेच्या पुस्तके गिळतो, त्याचे पोट बिघडते, आणि खाल्लेले बाहेर पडताच पाठांतरही त्याच्याबरोबर जाते. घोकंपट्टीवर मी अनेक व्याख्याने ऐकली आहेत. इतके सोपे आणि इतके खरे विवेचन त्यांपैकी एकातही नव्हते. आमच्या घरी या कथेचा परिणाम असा झाला की कन्नडच्या पुस्तकातील बाराखडीच्या पानावर एक पोळी दाबलेली सापडली. पोळीवर अक्षर उमटले नव्हते, पानावर तूप मात्र उमटले होते. सूनबाई रागावली. मी रागावण्याचा अभिनय केला.

अशी शेकडो यंत्रे या मालिकेत आहेत आणि त्यांपैकी बहुतेक मनुष्याच्या अगदी घरगुती इच्छांतून जन्मलेली आहेत, हे त्यांचे वैशिष्ट्य. डोक्यावर चिकटवून उडायचे बांबूचे पाते, वस्तू लहान-मोठ्या करणारे दिवे, आणि ‘एनीवेअर डोअर’ नावाचे गुलाबी दार, ज्याच्यासमोर ठिकाणाचे नाव घेऊन ते उघडले की माणूस तेथे पोहोचतो. सीमाभागातील कुटुंबाला या दाराचे विशेष आकर्षण वाटावे, यात नवल नाही. आमचे अर्धे गणगोत कोल्हापुरात आहे, आणि निपाणी, कोगनोळी, टोलनाका हे शब्द आमच्या घरातील मुलांना बाराखडीच्या आधी येतात. दारातून गेल्यास टोल पडतो का, असे नातवाने विचारले तेव्हा मला हसू आले. त्याच्या आजोबांना आले नाही. ते खरोखरच विचार करू लागले. काळाच्या प्रवासाचा एक तर्कही मालिकेने असाच प्रवासाच्या भाषेत सोडवला आहे. नोबिताचे भविष्य बदलले, त्याची बायको बदलली, तर सेवाशी जन्माला येणारच कसा? त्यावर सेवाशी उत्तर देतो की टोकियोहून ओसाकाला कोणत्याही वाहनाने गेले तरी माणूस ओसाकालाच पोहोचतो. मी नातवाला ते आमच्या परीने सांगितले: कोल्हापूरला निपाणीवरून हमरस्त्याने जा, नाही तर रेल्वेने मिरजेला उतरून जा, गाठायचे कोल्हापूरच. त्याचे समाधान झाले. माझे पूर्ण झाले नाही, परंतु आठ वर्षांच्या प्रेक्षकासाठी एवढा तर्क पुरेसा आहे.

पालकांचा या मालिकेवरील नेहमीचा आक्षेप असा की नोबिता आळशी आहे आणि मुले त्याचे अनुकरण करतात. सहा आठवडे पाहिल्यानंतर मला हा आक्षेप अर्धाच पटतो. नोबिताला आयते मिळते हे खरे. परंतु आयते मिळालेले टिकल्याची कथा मला क्वचितच दिसली. आपल्या बालवाङ्मयातील आळशी मुलगा शेवटच्या परिच्छेदात एकदम शहाणा होतो, तसा नोबिता होत नाही. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य गुण घेऊन येतो. मला यातच लेखकाचा प्रामाणिकपणा दिसतो. माझ्या वर्गात दरवर्षी एखादा तरी नोबिता असे, आणि एकाही गोष्टीचा परिणाम होऊन तो एका रात्रीत बदललेला मी पाहिला नाही. शिवाय नोबिता अगदीच निर्गुण नाही. त्याचा नेम अचूक आहे, दोऱ्याच्या फासांचे बोटांवर नवनवे आकार करण्यात त्याचा हात कोणी धरत नाही, आणि ०.९३ सेकंदात झोपी जाण्याचा विक्रम त्याच्या नावावर आहे. यांपैकी कशालाच शाळेत गुण मिळत नाहीत. हे वाक्य मालिका कधी उच्चारत नाही, पण तेथे बसलेल्या प्रत्येक मुलाला ते ऐकू येते.

मला खटकणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली म्हणजे शिझुका. ती वर्गातील समंजस, अभ्यासू मुलगी. परंतु बहुतेक कथांत तिला नोबिताचे बक्षीस होण्यापलीकडे काम नाही. ती न्हाणीघरात असताना नोबिता एखाद्या यंत्राच्या चुकीने तेथे जाऊन पडतो, हा विनोद या मालिकेत पुन्हा पुन्हा येतो आणि तो मला एकदाही हसण्याजोगा वाटला नाही. मुलगी ओरडते, मुलगा ओशाळतो, प्रसंग संपतो. मुलांच्या मनात काय उरते, याचा विचार त्या ठिकाणी झालेला नाही. दुसरी गोष्ट मारामारीची. जियान हा किराणा दुकानदारीणबाईंचा दांडगट मुलगा, तुझे ते माझे आणि माझे तेही माझेच, या न्यायाने वागणारा. श्रीमंत घरचा सुनिओ त्याचा भाट. ही जोडी प्रत्येक गल्लीत असते हे मान्य. परंतु जियानचा ठोसा हा विनोदाचा हुकमी एक्का म्हणून इतका वापरला जातो की सहा वर्षांखालील मुलांना ही मालिका एकट्याने दाखवू नये, असे मी स्पष्टपणे सुचवीन. जियानच्या गाण्याचे प्रसंग मात्र निर्मळ आहेत. त्याचा आवाज भयंकर, त्याची हौस दांडगी, आणि त्याच्या भीतीने रिकाम्या मैदानातील तीन सिमेंटच्या नळ्यांसमोर ओळीने बसलेले ते केविलवाणे श्रोते! गल्लीतल्या मंडळाच्या ध्वनिवर्धकासमोर मान डोलावत बसण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला या प्रसंगांचे भाष्य करून सांगावे लागत नाही.

आता भाषेचा मुद्दा, ज्यासाठी मी खरे तर हे परीक्षण लिहायला घेतले. माझा नातू इंग्रजी माध्यमात शिकतो, कन्नड त्याची शाळेतील दुसरी भाषा आहे, घरी मराठी बोलली जाते, आणि हिंदी त्याला कोणीही शिकवलेली नाही. ती त्याला डोरेमॉनने शिकवली. तिसऱ्या आठवड्यात त्याने माझ्याकडे हात पसरून म्हटले, ‘‘आज्जी, काही तरी गॅजेट निकाल ना!’’ मराठी शिक्षिकेच्या कानाला निकाल म्हटले की एप्रिल महिना आणि गुणपत्रकच दिसते, त्यामुळे मी क्षणभर गोंधळले, आणि मग मला जाणवले की या एका शब्दात संपूर्ण मालिका सामावलेली आहे: हिंदीतले निकाल म्हणजे खिशातून बाहेर काढ, आणि मराठीतला निकाल म्हणजे नोबिताचे शून्य. हे त्याला समजावून सांगितल्यावर तो खूप हसला आणि दिवसभर दोन्ही अर्थांनी तो शब्द वापरत राहिला. शून्याची गंमत आणखी एक. पडद्यावरील पाट्या, वर्गातले फळे, वह्या यांवरचा मजकूर जपानीच राहतो, कळत नाही. परंतु उत्तरपत्रिकेवरील भोपळा कोणालाही वाचता येतो. देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही लिप्यांत शून्य गोलच असते, हे आमच्या घरात त्या दिवशी प्रथमच कोणाच्या तरी लक्षात आले.

हसण्यावारी नेण्याजोगी ही बाब नाही, हेही मी जाणते. २०१३ मध्ये बांगलादेशाच्या सरकारने हिंदी भाषांतरातील डोरेमॉनच्या प्रक्षेपणावर बंदी घातली होती. मुले बंगाली सोडून हिंदी बोलू लागली आहेत, ही त्यामागची तक्रार होती. सीमाभागातील आम्हा मराठी भाषकांना भाषेचा विषय निघाला की कान टवकारायची सवय आहे, त्यामुळे तेथील पालकांची भीती मला अगदी जवळची वाटली. तरीही बंदीचा मार्ग मला पटत नाही. नातवाच्या तोंडी ‘मदद’ आणि ‘मुसीबत’ हे शब्द आले, ते मराठी शब्द हुसकावून आले नाहीत. त्याच्या वयाचा इतका ताजा विनोद मराठीतून रोज दुपारी त्याच्या कानावर पडत नव्हता, म्हणून ती जागा रिकामी होती. कन्नड मुलांसाठी ‘चिंटू टीव्ही’ नावाची एक स्वतंत्र वाहिनी २००९ मध्ये निघाली. आमच्या पिढीतील मराठी वाचकाला चिंटू म्हटले की १९९१ पासून वर्तमानपत्रात येऊ लागलेली चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची तीन-चार चौकटींची मालिका आठवते. नातवाला मी तिचे जुने संग्रह काढून दिले, आणि त्याने ते दोन दिवसांत संपवले. मजकूर चांगला असेल तर मुले भाषा विचारत नाहीत, हा त्यातून मला मिळालेला दिलासा. आणि संपल्यावर पुढे काय, असे त्याने विचारले तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते, ही त्यातून मिळालेली चपराक.

हिंदी भाषांतराचा दर्जा एकंदरीत बरा आहे. डोरेमॉनचा आवाज थोडा घोगरा, थोडा लाडिक आणि प्रसंगी वैतागलेला असा चांगला जमला आहे. सुनिओची फुशारकी तर मूळ जपानीत काय असेल ते असो, हिंदीत झकास वाटते. मात्र नोबिताचे रडणे सर्वत्र एकाच पट्टीत लावलेले असल्याने अपमानाचे रडणे आणि हट्टाचे रडणे यांतील भेद पुसला जातो. चित्रांविषयी सांगायचे तर १९७९ च्या मालिकेतील रेषा साध्या व रंग काहीसे मळकट आहेत, नव्या मालिकेत सर्व काही चकचकीत आहे. मला जुनी अधिक आवडली. नातवाला नवी. वाहिनीवरील पुनःप्रक्षेपणाचे प्रमाण फार आहे आणि दोन कथांच्या मध्ये येणाऱ्या जाहिरातींचा आवाज कथेपेक्षा मोठा असतो. म्हणून आम्ही रोज दोन कथा, मग दूरचित्रवाणी बंद, असा नियम केला आणि तो बहुतेक पाळला. खाऊच्या आघाडीवर मात्र मी हरले. डोरेमॉन ज्याच्यासाठी जीव टाकतो त्या ‘डोराकेक’ची, म्हणजे मूळच्या दोरायाकीची मागणी रोज होऊ लागली. दोन जाडसर गोड धिरडी आणि त्यांच्यामध्ये शिजवून वाटलेल्या लाल चवळीसारख्या कडधान्याचे गोड सारण, असा तो पदार्थ आहे. म्हणजे जपानी माणसाने पुरणपोळी लाटण्याचा कंटाळा केला तर जे होईल तेच. मी कणकेची गुळाची धिरडी घातली आणि मध्ये हरभऱ्याच्या डाळीचे पुरण भरले. मांड्यांच्या गावात असले काही पानात वाढताना मला संकोच वाटला. ताट मात्र रिकामे झाले.

शेवटच्या आठवड्यात जी कथा लागली तिच्याविषयी लिहिल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. नोबिताला त्याच्या आजीने शिवून दिलेले जुने कापडी अस्वल सापडते. आजी तो लहान असतानाच वारलेली आहे. तिला एकदा पाहावे म्हणून तो कालयंत्रातून मागे जातो. डोरेमॉन त्याला बजावतो की एवढ्या मोठ्या मुलाला ती ओळखणार कशी. तो लपतछपत घरात शिरतो आणि आजीच्या समोर येतो. ती त्याला न घाबरता बसवून घेते, आणि नोबिता शाळेत जाऊ लागेपर्यंत आपण असावे एवढीच इच्छा आहे, असे सांगते. तो धावत परत येतो, पाठीला दप्तर लावतो आणि तिच्यापुढे उभा राहून आपण तोच नोबिता आहोत असे सांगतो. ती म्हणते, मला वाटलेच होते. मी डोळ्यांना पदर लावला हे नातवाने पाहिले आणि तो पडद्याकडे पाहत राहिला. हाच लेखकाच्या कसोटीचा क्षण होता. दुसऱ्या कोणी येथे संगीत वाढवून कथा संपवली असती. येथे मात्र आजी लगेच म्हणते की आता तुझी नवरीही पाहावीशी वाटते, आणि नोबिता तडक शिझुकाकडे जाऊन तिला आत्ताच्या आत्ता लग्न करायची गळ घालू लागतो.

‘‘केलं काय तिनं लग्न?’’ नातवाने विचारले.

मी सांगणार तेवढ्यात जाहिराती संपून पुढची कथा सुरूही झाली होती, आणि तिच्यात उंदीर दिसल्याने डोरेमॉन टेबलावर चढून किंचाळत होता. त्या दिवशीच्या दोन कथा पाहून झाल्या होत्या. ही तिसरी आम्ही शेवटपर्यंत पाहिली.